मारामारीत माणूस दमला पाहिजे : जागलीवर पाहिलेले, फारसे चर्चेत नसलेले गुन्हेपट

जागल्या

राम राम मंडळी. दोन हिवाळे झाले, हरभरा घाटे धरायला लागला की मी रात्री वावरातच असतो. शेतीची लाइन, म्हणजे वीज, आमच्याकडे काही दिवस रात्रीचीच येते. त्या रात्री गव्हाचं ओलित, बाकीच्या रात्री डुकरांची जागल. मचाणीवर घोंगडी, टॉर्च, फटाके आणि मोबाइल. एका कानात इअरफोन घालतो, दुसरा कान मोकळा ठेवतो, कारण डुक्कर हरभऱ्यात शिरलं की सुरुवातीला नुसता पाल्याचा आवाज येतो. अशा रात्रींमध्ये बरेच पिक्चर पाहून झाले. नावाजलेले आधीच पाहिलेले होते, म्हणून ज्यांचं नाव गावात कोणी घेत नाही असे शोधून पाहिले. बहुतेक खून, दरोडा, पाठलाग याच जातीचे. मी सिनेमाचा अभ्यास केलेला नाही, पण काय आवडलं आणि का आवडलं ते सांगतो. तुम्हीही सांगा.

आधी एक गोष्ट. आमच्या गावात धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, वादातून दोन चुलतभावांची मारामारी झाली तेव्हा मी दहा पावलांवर होतो. सगळं अर्ध्या मिनिटात संपलं. तुरीच्या पेंढीवर काठी मारावी तसा दबका आवाज, बस. मग दोघंही गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत उभे. मारणाऱ्याच्या हाताची बोटं दुसऱ्या दिवशी इतकी सुजली होती की पुढचे पंधरा-वीस दिवस त्याला बैलाचा कासरा धरता आला नाही. पेरणीचे दिवस होते, त्याची पेरणी त्याच्या बायकोने आणि सालगड्याने केली. तेव्हापासून पिक्चरमधला हिरो वीस माणसं लोळवून केस सावरतो, तिथं माझं लक्ष उडतं. मारामारीत माणूस दमला पाहिजे. मार लागलेला दुसऱ्या दिवशी दिसला पाहिजे.

या कसोटीवर सगळ्यात वर 'ब्लू रुइन' (२०१३). दिग्दर्शक जेरेमी सोलनियर, कॅमेराही त्याचाच. ड्वाइट नावाचा माणूस, आईबापाच्या खुनानंतर आयुष्यातून उठलेला, जुन्या निळ्या गाडीत राहतो. खुनी तुरुंगातून सुटतोय हे कळतं आणि हा सूड घ्यायला निघतो. पण याला काहीच येत नाही. पहिला खून करतो आणि स्वतःच्या गाडीची चावी हरवून बसतो. गाडी मागे राहते, त्या गाडीवरून समोरचे याच्या बहिणीच्या घरापर्यंत पोचतात. मांडीत बाण घुसतो, तो स्वतः काढायला दुकानातून सामान आणतो आणि जमत नाही म्हणून शेवटी दवाखान्यात जातो. तो बाण काढायचा प्रसंग पाहताना मी मचाणीवर उठून बसलो होतो. सूड किती महाग पडतो आणि त्यात काहीच न केलेल्या माणसांची कशी वाट लागते, ते यात एकही भाषण न देता कळतं.

दुसरा 'हेल ऑर हाय वॉटर' (२०१६). ऑस्करला चार नामांकनं होती, पण आपल्याकडे त्याचं नाव फार ऐकलं नाही. टेक्सासमधले दोन भाऊ. आई वारली, रान बँकेकडे गहाण, जप्तीची तारीख जवळ. ते त्याच बँकेच्या छोट्या शाखा लुटतात, सकाळी उघडल्या उघडल्या, फक्त खिडकीवरच्या सुट्या नोटा, बंडलाला हात नाही. पैसे जुगारघरात फिरवून आणतात आणि त्याच बँकेला कर्ज फेडतात. ज्याने सातबाऱ्यावरचा बोजा पाहिला आहे त्याला यात समजावून सांगायला काही लागत नाही. लहान भाऊ टोबी बोलतो फार कमी. क्रिस पाइनला मी आधी कशात पाहिलं नव्हतं. मोठा भाऊ टॅनर म्हणजे बेन फोस्टर, आणि मागावर म्हातारा रेंजर, म्हणजे तिथला पोलीस, जेफ ब्रिजेस, ज्याच्या निवृत्तीला थोडे दिवस राहिले आहेत. एका ठिकाणी गवताला आग लागलेली असते आणि एक गुराखी जनावरं रस्त्यावरून हाकत नेतोय. कथेशी त्याचा काही संबंध नाही, दोन मिनिटांत जातो. पण तोंडावर फडकं बांधून वणव्यापुढे ढोरं पळवणारा माणूस मी आमच्या बरड्यावर पाहिला आहे. दिग्दर्शक डेव्हिड मॅकेन्झी स्कॉटलंडचा आहे, टेक्सासचा नाही, तरी त्याने ही गोष्ट सोडली नाही.

हिंदीत 'मनोरमा सिक्स फीट अंडर' (२००७). अभय देओल राजस्थानातल्या एका कोरड्या गावातला, लाच घेतली म्हणून निलंबित झालेला बांधकाम खात्याचा ज्युनिअर इंजिनिअर. त्याने एक रहस्यकथा लिहिलेली असते, ती कोणी घेत नाही. एक बाई येते, सांगते मी पाटबंधारे मंत्र्याची बायको, नवऱ्याचे फोटो काढून द्या. तिथून धागा पाण्यापर्यंत, कालव्यापर्यंत जातो. हॉलीवूडच्या 'चायनाटाउन'वरून घेतला आहे हे उघड आहे, पण त्यातला धुळीतला रस्ता, बायकोशी घरातली कुरबुर, पोलीस मेहुणा विनय पाठक, हे सगळं इथलं आहे. कालव्याचं पाणी कागदावर वाहतं आणि वावरात येत नाही, ही गोष्ट विदर्भात कोणाला नवी आहे?

चौथा तमिळ 'थीरन अधिगारम ओंद्रू' (२०१७), हिंदीत डब केलेला पाहिला. महामार्गालगतच्या घरांवर दरोडे घालणारी टोळी आणि वर्षानुवर्षं तिच्या मागे असणारा पोलीस अधिकारी. बोटांचे ठसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवायचे आणि एकेक हाताने ताडून पाहायचे, ते काम फार छान दाखवलं आहे. राजस्थानातल्या गावात अख्खं गाव पोलिसांवर तुटून पडतं ती मारामारी मी पाहिलेल्यांपैकी सगळ्यात चांगल्या तिनांत बसते.

तुमचे सांगा.

कन्हानकाठ

भाऊ, लिहिलं चांगलं, पण मले पटलं नाही. दिवसभर धान कापून आलेल्या माणसाले पडद्यावर आणखी दमलेला माणूस काऊन पाहायचा? दुपारी टीव्हीवर डब केलेला तेलुगू लागते, हिरो एका हाताने जीप थांबवते, पोरं उड्या मारतात, आमची माय पण हसते. चार माणसं एका खोलीत बसून हसतात, तेवढं बस आहे मले. हिरोले लागलेलं पाहून माले काय भेटणार?

जागल्या

कन्हानकाठ भाऊ, तुमच्या मायला हसू येतं यापेक्षा मोठं काही नाही. ते पिक्चर वाईट असं मी म्हणत नाही. पण दोन्ही एका ठिकाणी सापडतं असा एक सांगतो : 'कैथी' (२०१९). लोकेश कनगराजचा. याचाच हिंदी 'भोला' आला, पण मूळ पाहा. कार्ती त्याच दिवशी तुरुंगातून सुटलेला, मुलीला पहिल्यांदा भेटायला निघालेला. रस्त्यात पोलीस धरतात, आणि विष घातलेली दारू पिऊन बेशुद्ध पडलेल्या पोलिसांनी भरलेला ट्रक त्याला दवाखान्यापर्यंत न्यायला लावतात. एका रात्रीची गोष्ट. गाणं नाही, हिरॉइन नाही. पंधरा-पंधरा माणसांना मारतो, म्हणजे तुम्हाला पाहिजे ते आहे. पण त्याआधी तो बादलीतली बिर्याणी हाताने असा खातो की इतकी वर्षं याला पोटभर मिळालेलं नाही हे कळतं. मारताना तो भुकेला आणि घाईत आहे हे आपल्याला माहीत असतं, म्हणून प्रत्येक काठी आपल्यालाही लागते.

झाडीचा पाखरू

होय गा, धानाचा विषय निघाला म्हणून सांगतो. 'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३), कोरियाचा. 'पॅरासाइट'वाल्या बाँग जून-हो याचाच, पण त्याच्या सोळा वर्षं आधीचा. मी हा पिच्चर तीनदा पायलो.

सुरुवातच धानाच्या बांधीतून होते. सोनेरी धान, बाजूला सिमेंटची नाली, नालीत बाईचं प्रेत. तपास करणारा पोलीस गावातल्या टमटमीसारख्या गाडीवर बसून येतो, मागं पोरं धावतात. एक पोरगा तर पोलीस जे बोलेल तेच त्याच्या तोंडावर बोलतो. पुढं दुसऱ्या प्रेताच्या जागी बुटाचा ठसा सापडतो, पोलीस त्याच्याभोवती गोल करतो, आणि ट्रॅक्टरवाला सरळ त्याच्यावरून ट्रॅक्टर नेतो. बांधावरून एकेक साहेब घसरून खाली पडतो. आमच्याकडे नदीत प्रेत सापडलं होतं तेव्हा मी हे असंच पाहिलं. अख्खं गाव गोळा, बायका कडेवर लेकरं घेऊन, कोणाला मागं सरका म्हणायची सोय नाही.

पोलीस चुकीच्या माणसाला पकडतात, मारतात, कबूल करवून घेतात. यातलं खरं काय, ते पाहा. ही ह्वासाँगची प्रकरणं, १९८६ ते १९९१, दहा बायकांचे खून. पिच्चर आला तेव्हा खुनी सापडला नव्हता. २०१९ मध्ये डीएनएवरून कळलं, तो दुसऱ्या एका खुनासाठी आधीपासूनच तुरुंगात होता. पण खटला चालवायची मुदत निघून गेली होती. आणि यातल्या एका खुनासाठी जो माणूस वीस वर्षं आत बसला, त्याला २०२० मध्ये निर्दोष ठरवलं. शेवटी तो पोलीस, आता पोलीस न राहिलेला, पुन्हा त्याच नालीपाशी येतो, वाकून पाहतो आणि मग सरळ आपल्याकडे पाहतो. खुनी थिएटरात बसून पाहत असेल असं धरून ती नजर ठेवली आहे म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला होता.

माहेर दारव्हा

सगळं वाचलं. यादी छान आहे, पण यात बाई एक तर नालीत मरून पडलेली आहे, नाही तर घरी वाट पाहत बसली आहे. जागल्या भाऊ, त्या मारणाऱ्याची पेरणी कोणी केली ते तुम्हीच लिहिलं आहे, आणि पुढे निघून गेलात.

'एक हसीना थी' (२००४) पाहा. श्रीराम राघवनचा पहिला सिनेमा. उर्मिला मातोंडकर, सारिका वर्तक, एकटी राहणारी नोकरदार मुलगी. सैफ तिला फसवतो आणि ती तुरुंगात जाते. तुरुंगात पहिल्या रात्री उंदीर अंगावरून जातो आणि ती किंचाळते. तेच उंदीर शेवटी कुठे येतात ते सांगत नाही. सूडाच्या सिनेमात बाई सहसा देवीच्या रूपात येते, ओरडते, कपाळाला कुंकू फासते. उर्मिला तसं काही करत नाही. ती आवाज खाली ठेवून हिशोब करत जाते.

आणि 'मनोरमा'चे दिग्दर्शक नवदीप सिंग यांचाच 'एनएच १०' (२०१५). अनुष्का शर्मा नवऱ्याबरोबर गाडीने निघते, ढाब्यावर एका मुलीला तिच्या घरचेच ओढून नेताना पाहते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून. गावची सरपंच बाईच आहे, दीप्ती नवल, आणि ती कोणाच्या बाजूने आहे हे कळल्यावर पोटात खड्डा पडतो. हरियाणातलं आहे म्हणून आपण निवांत बसू नये. मी बारा वर्षं गावोगाव फिरते आहे, कोणत्या घरातली मुलगी अचानक मावशीकडे पाठवली जाते आणि का, ते मला ठाऊक आहे.

मराठीत चंद्रकांत कुलकर्णींचा 'बिनधास्त' (१९९९) होता. दोन मैत्रिणी, एक खून, आणि पुरुष जवळजवळ नाहीतच. प्रियदर्शनने तो तमिळमध्ये केला. आपण मात्र विसरलो.

जागल्या

ताई, बरोबर आहे. पेरणीचं वाक्य मी लिहिलं तेव्हा मारणाऱ्याच्या बोटांचाच विचार डोक्यात होता. वहिनी त्या वर्षी चौथ्या महिन्यात होती, हेही आता आठवलं. 'एक हसीना थी' आज रात्री लावतो.

सात नंबर

माझा बाप बावीस वर्षं ट्रकवर होता. नागपूर ते हैदराबाद, तेव्हा तो सात नंबर हायवे होता, आता चव्वेचाळीस म्हणतात. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडनेर, पांढरकवडा, पुढे आदिलाबाद. त्यामुळे माझा पिक्चर एकच : 'ड्युएल' (१९७१). स्पीलबर्गचा, टीव्हीसाठी केलेला, तेव्हा तो पंचविशीच्याही आतला होता.

एक साधा माणूस लाल कारने कामाला निघालेला. रस्त्यात एका जुन्या, धूर ओकणाऱ्या टँकरला ओव्हरटेक करतो. तो टँकर मग त्याला सोडत नाही. ड्रायव्हरचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही, फक्त खिडकीतून आलेला हात आणि बूट. सुरुवातीला पंपावरचा माणूस सांगतो की रेडिएटरचा पाइप बदला. हा ऐकत नाही. आणि पुढे नेमक्या चढावर, मागून टँकर येत असताना, तो पाइप दगा देतो. काटा लाल रेषेवर, वाफ, गाडीचा वेग पडत चाललेला. बापाला मी हा मोबाइलवर दाखवला. तो इंग्रजी एक शब्द समजत नाही. त्या चढावर त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता. संपल्यावर म्हणाला, ट्रकवाला असा नसतो, पण गाडी अशीच मरते.

ट्रकवाल्याला राक्षस केलं आहे हे मलाही खटकतं. बापाने रात्री रस्त्यात बंद पडलेल्या किती कारवाल्यांना ओढून आणलं ते मी पाहिलं आहे. तरी पिक्चर म्हणून याला तोड नाही.

बेड्यावरचा

मी इथे फार लिहीत नाही. 'थीरन'बद्दल लिहिलं आहे म्हणून लिहितो.

मी फासेपारधी आहे. जागल्या भाऊ, तुम्हाला जी मारामारी पहिल्या तिनांत बसणारी वाटली, ती मीही पाहिली. आमच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, मोबाइल भिंतीला टेकवून, सात-आठ जणांनी. अख्खं गाव पोलिसांवर तुटून पडतं, म्हणजे म्हातारे, बाया, सगळे. म्हणजे जन्माला आला तो दरोडेखोर. पिक्चर तसं थेट म्हणत नसेल, त्या टोळीच्या जमातीचा इतिहासही थोडा सांगतो, पण पाहणाऱ्याच्या मनात जे राहतं ते हेच. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ मध्ये उठला. आमच्या आज्याला हजेरी द्यावी लागायची. कायदा उठला, पण पंचक्रोशीत कुठं बकरी चोरीला गेली, पाण्याच्या मोटारीचा केबल कापला गेला की पोलिसांची गाडी पहिली आमच्याकडे येते. माझ्या भावाला एकदा केबलसाठी उचललं होतं. केबल नंतर ज्याच्याकडे सापडला तो गावातलाच होता. भावाची डाव्या कानाची ऐकू येण्याची शक्ती गेली ती गेली.

तुम्ही म्हणता मार लागलेला दुसऱ्या दिवशी दिसला पाहिजे. मग 'विसारणै' पाहा. २०१५ चा, वेट्रीमारनचा. गुंटूरमध्ये मजुरी करणारी तमिळ पोरं, बागेत झोपणारी. एका चोरीसाठी त्यांना उचलतात, कारण कोणावर तरी केस घालायची असते. कबूल करा म्हणून मारतात. कोइम्बतूरच्या एका रिक्षावाल्याने, एम. चंद्रकुमार यांनी, स्वतःवर आलेलं 'लॉक अप' या पुस्तकात लिहिलं, त्यावरून आहे. भारताकडून ऑस्करला गेला होता. त्यातलं मारणं बघवत नाही. पोरं ठरवतात की कबूल करायचं नाही. मार खायचा आणि नाही म्हणायचं, एवढीच त्यांची लढाई. याला मी ॲक्शन पिक्चर म्हणतो.

माहेर दारव्हा

लिहीत जा दादा. थांबू नका.

झाडीचा पाखरू

+१. बेड्यावरचा भाऊ, 'मेमरीज'मध्ये ज्या येड्या पोराला पोलीस मारतात, त्याच्याविषयी मी वर एकाच ओळीत लिहिलो. तुमचं वाचल्यावर ते कमी वाटलं.

कन्हानकाठ

'कैथी' पायला भाऊ. माय झोपली मधातच, पण मी पूर्ण पायला. बिर्याणीचं खरं आहे.

जागल्या

चार दिवस लाइन रात्री बाराची होती, म्हणून उशीर झाला.

बेड्यावरचा दादा, 'विसारणै' दोन रात्रीत पाहिला. पहिल्या रात्री अर्ध्यात बंद केला, मोटार पाहायला गेलो, परत आलो तरी लावला नाही. त्यातला एक प्रसंग सांगतो. साहेब काठ्या मागवतो, आणि एकेकाला उभं करतात, आणि पांडीला सांगतात की मार खाताना पडला नाहीस तर बाकीच्यांना सोडू. तो पडत नाही. मी इतके दिवस म्हणत होतो मारामारीत माणूस दमला पाहिजे. इथे मारणारा दमतो.

'थीरन'चा माझा वरचा परिच्छेद मी तसाच ठेवला आहे, म्हणजे तुमचं उत्तर कशाला होतं ते पुढं वाचणाऱ्याला कळेल. ठशांचं काम मला आजही चांगलं वाटतं. गावाच्या मारामारीबद्दलचं वाक्य मागे घेतो. ती पाहताना मी काठ्या कशा फिरतात ते पाहत होतो, काठ्या कोणाच्या पाठीवर पडतात ते नाही. आमच्या डीपीवरून मागच्या वर्षी केबल गेला होता, तेव्हा गावात पहिलं नाव कुठलं निघालं हेही मला आठवतं. मी तिथं होतो आणि काही बोललो नव्हतो.

सात नंबर भाऊ, 'ड्युएल' डाउनलोड केला आहे. माझ्याही बापाला दाखवतो, त्याने ट्रॅक्टर चालवला आहे.

बेड्यावरचा

वाचलं भाऊ. हरभरा निघाला की या एखाद्या दिवशी. शाळेच्या गुरुजींकडे प्रोजेक्टर आहे, भिंत पांढरी करून ठेवतो. 'मनोरमा' आमच्यातल्या कोणी पाहिला नाही, तो आणा. स्पीकर असला तर तोही आणा, आमचा फाटला आहे.

जागल्या

स्पीकर आहे. सोंगणी पुढच्या पंधरवड्यात. गाडीत जागा आहे, दारव्ह्याच्या ताई आणि सात नंबर भाऊ येणार असतील तर आधी कळवा, कळंबहून घेतो.